जॉन ड्युई : बाबासाहेबांचे शिक्षक, शिक्षकांचे शिक्षक

डी.एल.एड. किंवा बी.एड. करणाऱ्या आपल्या वस्तीतल्या एखाद्या मुलीची वही चाळून पाहा. अध्ययनाच्या उपपत्ती या प्रकरणात पावलॉवचा कुत्रा असतो, थॉर्नडाइकची मांजर असते, कोहलरचा चिंपांझी असतो आणि मग दोन ओळींत जॉन ड्युई असतात. अमेरिकन विचारवंत, कृतीतून शिक्षण, प्रकल्प पद्धतीचा पाया. झाले. टीईटीच्या पेपरात बालमानसशास्त्र व अध्यापनशास्त्राला तीस गुण आहेत. त्यात ड्युईंच्या नावावर एखादा गुण पदरात पडतो आणि परीक्षा संपली की ते नाव वहीबरोबर रद्दीत जाते. यातली विटंबना अशी की हे सारे अध्यापक विद्यालयात उभ्याने सांगितले जाते आणि बसून उतरवून घेतले जाते. सांगायचे आणि उतरवून घ्यायचे या शिक्षणाविरुद्ध ज्या माणसाने उभे आयुष्य घालवले, तोच आपल्याकडे डिक्टेशनच्या मजकुरात कोंबला गेला आहे.

दुसरी गोष्ट त्याहून जिव्हारी लागणारी. हा माणूस न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांचा शिक्षक होता, हे त्या वहीत कुठेच नसते. चळवळीतल्या मुलामुलींना तरी ते ठाऊक असले पाहिजे. बुद्ध, कबीर आणि फुले हे बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेले तीन गुरू. त्या पंक्तीत चौथा कुणी बसवायचा नाही. पण वर्गात समोर उभे राहून ज्यांनी शिकवले, त्यांच्यापैकी ज्याचे ऋण बाबासाहेबांनी उघडपणे मान्य केले, असे ड्युईंचे नाव आहे. शिक्षक होऊ पाहणाऱ्यांनी या माणसाचे आयुष्य एकदा तरी नीट वाचावे.

जॉन ड्युई यांचा जन्म २० ऑक्टोबर १८५९ चा. अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचे छोटे राज्य आहे, तिथल्या बर्लिंग्टन गावचा. वडील किराणा दुकानदार. गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेत यादवी युद्ध पेटले तेव्हा ते दुकान सोडून उत्तरेच्या फौजेत गेले. जॉन गावातल्याच विद्यापीठातून १८७९ साली पदवीधर झाले आणि पोटापाण्यासाठी मास्तर झाले. दोन वर्षे पेनसिल्व्हेनियातल्या ऑइल सिटी या गावी, मग काही महिने व्हरमाँटमधल्या शार्लट गावी. या शार्लटच्या शाळेत पोरे त्यांना आवरत नसत, अशीच आठवण गावात राहिली. पहिल्या पाठाला घाम फुटलेल्या प्रत्येक छात्राध्यापकाने हे लक्षात ठेवावे. जगाला शिकवण्याची पद्धत सांगणारा माणूस सुरुवातीला वर्ग सांभाळण्यात कच्चा होता.

याच १८८२ साली आपल्याकडे पुण्यात महात्मा जोतीराव फुले हंटर आयोगापुढे निवेदन देत होते. प्राथमिक शिक्षक शेतकरी वर्गातून तयार करा, वेळ पडली तर नांगर धरायला किंवा सुताराचे हत्यार हातात घ्यायला ज्याला लाज वाटणार नाही असा माणूस शिक्षक नेमा, अशी त्यांची मागणी होती. ड्युई तेव्हा तेवीस वर्षांचे, अनुभवाने कोवळे. हाताच्या कामाचा आणि डोक्याच्या कामाचा जो घटस्फोट ड्युईंनी पुढे पुस्तकामागून पुस्तके लिहून उघडा पाडला, तो जोतीरावांनी एका निवेदनात आधीच दाखवून दिला होता. अध्यापक विद्यालयात दोघांची नावे एकत्र का घेतली जात नाहीत, हे ज्याचे त्याने ओळखावे.

नातेवाइकांकडून पाचशे डॉलर उसने घेऊन ड्युई बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले. १८८४ मध्ये पीएच.डी. मिळाली आणि ते मिशिगन विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवू लागले. तोवर ते पुस्तकी तत्त्वज्ञच होते. त्यांना जमिनीवर आणले ते त्यांच्या पत्नीने. अ‍ॅलिस चिपमन यांनी लग्नापूर्वी शाळेत शिकवले होते, आजीआजोबांनी वाढवलेली ती बाणेदार बाई. १८८६ साली दोघांचे लग्न झाले. जुन्या ग्रंथांवर भाष्ये लिहिणारा नवरा चालू जगाच्या प्रश्नांकडे वळला तो अ‍ॅलिसमुळे, असे त्यांच्या मुलीनेच लिहून ठेवले आहे. आपल्या घरातही मुले वाढत होती आणि मूल कसे शिकते हे रोज डोळ्यांसमोर दिसत होते.

१८९४ साली ड्युई शिकागो विद्यापीठात आले. त्या वर्षी शहरात पुलमन कंपनीच्या रेल्वे कामगारांचा मोठा संप चालू होता. कत्तलखाने, कारखाने, युरोपातून आलेली गरीब कुटुंबे, त्यांच्या दाटीवाटीच्या वस्त्या. जेन अ‍ॅडम्स या बाईंनी वस्तीतच घर घेऊन हल हाउस नावाचे केंद्र चालवले होते, तिथे ड्युईंचे जाणेयेणे असे. याच शहरात जानेवारी १८९६ मध्ये त्यांनी विद्यापीठाची शाळा काढली. सुरुवातीला मुले सोळा, शिक्षक दोन. लोक तिला ड्युईंची शाळा म्हणत. रसायनशास्त्राला जशी प्रयोगशाळा लागते तशी शिक्षणशास्त्रालाही लागते, ही त्यामागची दृष्टी होती. सिद्धान्त आधी आणि शाळा मागाहून, असे ड्युईंचे नव्हते. शाळा चालवता चालवता सिद्धान्त पक्का झाला.

त्या शाळेसाठी बाके शोधत ते शिकागोच्या दुकानांतून हिंडले. मनासारखे एकही मिळेना. शेवटी एका दुकानदाराच्या लक्षात आले की या गृहस्थांना मुलांनी काम करावे अशी बाके हवी आहेत आणि आपल्याकडची सगळी बाके ऐकण्यासाठी बनवलेली आहेत. ड्युईंनी हा प्रसंग पुढे व्याख्यानात सांगितला. त्या दुकानदाराने साऱ्या शिक्षणव्यवस्थेचे निदान एका वाक्यात केले होते. एकाच मापाची, एकामागे एक, जमिनीला ठोकलेली बाके. जो बसेल त्याने ऐकायचे, हलायचे नाही, शेजाऱ्याशी बोलायचे नाही. शेजाऱ्याला मदत केली तर ती कॉपी.

त्यांच्या शाळेत मुले स्वयंपाक करत, सुतारकाम करत, विणत, शेत पिकवत. आता इथेच आपल्याकडचा नेहमीचा गैरसमज उभा राहतो. काम करणे म्हणजे शिक्षण, एवढेच ड्युईंनी म्हटले अशी समजूत आहे. तसे नाही. अंडे उकळत्या पाण्यात टाकायला सांगितले, तीन मिनिटांनी काढायला सांगितले, मुलाने तसे केले, यात शिक्षण काहीच झाले नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. त्यांच्या शाळेतली मुले पाणी कोणत्या तापमानाला कसे होते ते बघत, अंड्याचा पांढरा भाग कोणत्या उष्णतेला घट्ट होतो ते तपासत आणि मग अंडे उकडत. हात चालला आणि त्याबरोबर का हा प्रश्नही चालला, तरच ते शिक्षण.

कापसाचा धडा तर वऱ्हाडातल्या आणि मराठवाड्यातल्या वाचकांनी मुद्दाम वाचण्यासारखा आहे. मुलांपुढे कापसाची बोंडे आणि मेंढीची लोकर ठेवली. लोकरीचे कापड आधी वापरात आले आणि सुती कापड मागे का राहिले, असा प्रश्न निघाला. मुलांनी हाताने सरकी काढायला घेतली. अर्धा तास सगळी मुले खपली आणि कापूस निघाला एका औंसाहूनही कमी, म्हणजे अडीच तोळेसुद्धा नाही. मग त्यांना कळले की यंत्राशिवाय एक माणूस दिवसभरात किती थोडा कापूस मोकळा करू शकेल. लोकरीचे तंतू लांब आणि खरबरीत, ते एकमेकांत अडकतात. कापसाचे आखूड आणि गुळगुळीत, ते कातायला कठीण. हे मुलांनी बोटांनी तपासले. एका बोंडातून इतिहास, भूगोल, विज्ञान, गणित सगळे निघाले. विषयांच्या तासांच्या भिंती आपोआप पडल्या.

आपला शिक्षक हा धडा घेईल तेव्हा त्याने आणखी एक पायरी चढावी. सरकी काढायचे यंत्र अमेरिकेत १७९३ साली आले. त्यामुळे श्रम वाचायला हवे होते. झाले उलटेच. कापूस फायद्याचा झाला, मळे वाढले आणि मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या गुलामांची संख्या फुगत गेली. यंत्र कुणाच्या हातात आहे, यावर ते कुणाला मोकळे करते हे ठरते. ज्या पोरीची आई कापूस वेचायला जाते, ती पोर या धड्यात सर्वांत पुढे असेल. पाठ्यपुस्तकातल्या वर्गात ती मागे असते.

१९०२ पर्यंत शाळेत १४० मुले आणि २३ शिक्षक झाले. पण अ‍ॅलिस शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, त्यांच्या नेमणुकीवरून विद्यापीठाच्या अध्यक्षांशी वाद पेटला आणि १९०४ मध्ये ड्युईंनी राजीनामा दिला. चालती शाळा हातची गेली. त्याच वर्षी त्यांचा एक मुलगा विषमज्वराने गेला, त्याआधी १८९५ मध्ये एक घटसर्पाने गेला होता. पुन्हा स्वतःची शाळा त्यांनी काढली नाही. कोलंबियात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले आणि १९३० पर्यंत तिथेच शिकवत राहिले.

कोलंबियाच्याच टीचर्स कॉलेजात तेव्हा एडवर्ड थॉर्नडाइक होते. तेच ते मांजरवाले. पेटीत कोंडलेली भुकेली मांजर धडपडते, चुकते, कधीतरी खटका दाबला जातो, दार उघडते, मासा मिळतो. पुढच्या खेपेला ती लवकर सुटते. प्रयत्न-प्रमाद, सरावाचा नियम, परिणामाचा नियम. थॉर्नडाइक यांच्या प्रयोगात खोट काही नाही. पण मांजरीला खटक्याचे आणि दाराचे नाते समजलेच पाहिजे असे नाही, सवय पुरते. आपल्या शाळांनी हेच उचलले. सराव, शाबासकी, छडी. ड्युईंना सवयीपलीकडचे हवे होते. माणसाचे मूल अडचणीत सापडते तेव्हा थांबते, विचार करते. तिथून शिकणे सुरू होते.

१९१० मध्ये आलेल्या 'हाउ वी थिंक' या पुस्तकात त्यांनी विचाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. पाठ करण्यापेक्षा त्या घडताना पाहाव्यात. समजा, शाळेच्या नळाला दुपारी पाणी येत नाही. मुलांना ते खटकले, ही पहिली. रोज येत नाही की काही दिवस, सगळ्या नळांना की एकालाच, हे नेमके करणे ही दुसरी. टाकी गळते, वरच्या मजल्यावर नळ उघडा राहतो, सकाळी पंप कमी वेळ चालतो, असे तर्क निघाले, ही तिसरी. टाकी गळत असेल तर रविवारीही पाणी उतरले पाहिजे, असा प्रत्येक तर्क पुढे ताणून पाहणे ही चौथी. आणि खरोखर रविवारी जाऊन टाकीत काठी बुडवून पाहणे, ही पाचवी. हर्बार्टची पंचपदी शिक्षकाने पाठ कसा द्यावा हे सांगते. ड्युईंच्या पाच पायऱ्या मूल विचार कसा करते ते सांगतात. दोन्हींत आकडा पाच म्हणून परीक्षेत त्यांची गल्लत होते. फरक मात्र वर्गात शिक्षक बोलणार की मुले, एवढा मोठा आहे.

प्रकल्प पद्धती ड्युईंचे शिष्य आणि सहकारी विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ मध्ये मांडली. तिचे आपल्याकडे काय झाले ते सांगायला नको. प्रकल्प दुकानात तयार मिळतो, आई हातातले काम टाकून रात्री पुठ्ठा चिकटवत बसते आणि गुण मुलाच्या नावावर पडतात. मुलांच्या आवडीच्या नावाखाली वाटेल ते चालवणाऱ्या शाळांना ड्युईंनी १९३८ च्या 'एक्स्पीरियन्स अँड एज्युकेशन'मध्ये चांगलेच खडसावले होते. प्रत्येक अनुभव शिकवतोच असे नाही. काही अनुभव तर पुढच्या अनुभवाची दारेच बंद करतात.

हे शेवटचे आपल्या देशात फार कडू अर्थाने खरे आहे. कृतीतून शिक्षण म्हटले की झाडू कुणाच्या हातात जातो? शाळेचे संडास साफ करायला कुणाच्या पोराला पाठवले जाते आणि पाहुण्यांना हार घालायला कुणाच्या? हीही कृतीच आहे आणि मूल त्यातून शिकतेच. स्वतःची पायरी शिकते. म्हणून ड्युईंचा एक वाद आपण लक्षात ठेवला पाहिजे. १९१५ मध्ये मॅसेच्युसेट्सचे शिक्षण आयुक्त डेव्हिड स्नेडन यांनी कामगारांच्या मुलांसाठी वेगळे, धंद्यापुरते शिक्षण असावे असा आग्रह धरला. ड्युईंनी त्याला जाहीर विरोध केला. कारखान्याला हवा तसा हात तयार करून देणे हे शाळेचे काम नाही. काम शिकताना त्या कामामागचे विज्ञान, इतिहास आणि कामगाराचा हक्कही कळला पाहिजे. नाहीतर शिक्षण हेच माणसाला त्याच्या जागी खिळवून ठेवण्याचे हत्यार होते.

आपल्याकडे १९५३ साली मद्रास राज्यात राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचा वेळ अर्धा केला आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरचा धंदा शिकावा अशी योजना आणली. कुंभाराच्या मुलाने मडकी, चांभाराच्या मुलाने चामडे. पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला कुलधंद्याचे शिक्षण म्हणून झोडपले. राजाजींना पायउतार व्हावे लागले आणि १९५४ मध्ये योजना मागे घेतली गेली. वरवर पाहता ती योजनाही हाताच्या कामाचीच होती. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस बिनदप्तराचे आहेत, सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे काम शिकण्यासाठी. कल्पना ड्युईंच्या जवळची आहे. पण वाणी-बामणाचे पोर चांभाराच्या दुकानात आणि चांभाराचे पोर संगणकापुढे बसते का, हे तिथल्या शिक्षकाला पाहावे लागेल. यादी तोच करणार आहे.

ड्युईंना देव करण्याचे कारण नाही. १९०९ मध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी न्यूयॉर्कला भरलेल्या ज्या परिषदेतून एनएएसीपी ही संघटना उभी राहिली, तिच्यात ते बोलले. शिक्षकांच्या संघटनेत ते साध्या सभासदासारखे राबले. पण १९१५ मध्ये मुलगी एव्हलिन हिच्याबरोबर लिहिलेल्या 'स्कूल्स ऑफ टुमारो'मध्ये इंडियानापोलिसच्या एका काळ्या मुलांच्या शाळेचे त्यांनी भरभरून कौतुक केले. ही मुले गोऱ्या मुलांपासून वेगळी का बसवली आहेत, हा प्रश्न मात्र तिथे त्यांनी लावून धरला नाही. हा प्रश्न ज्याच्या अंगावर वळ होऊन उमटला होता, असा एक विद्यार्थी तेव्हा त्यांच्याच विद्यापीठात होता.

भीमराव आंबेडकर १९१३ च्या जुलैत कोलंबियात दाखल झाले आणि १९१६ पर्यंत तिथे होते. विषय अर्थशास्त्र, पण ड्युईंच्या वर्गांना ते बसले. ड्युई वक्ते म्हणून फारच नीरस. खिडकीबाहेर बघत, सावकाश, अडखळत, जणू स्वतःशीच बोलत. कृतीशील वर्गाचा पुरस्कर्ता स्वतः मात्र एकसुरी व्याख्यान देई, हीही एक गंमतच. पण जे बसून राहिले त्यांना डोळ्यांसमोर एक माणूस विचार करताना दिसत असे. याच काळात, १९१६ मध्ये, त्यांचा 'डेमॉक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ आला. लोकशाही म्हणजे फक्त राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकमेकांबरोबर जगण्याची, अनुभव वाटून घेण्याची रीत आहे. ज्या समाजात गट आपापल्या भिंतींआड बंद असतात, तिथे एकाचा अनुभव दुसऱ्यापर्यंत पोचत नाही आणि शिक्षण खुंटते, हा त्याचा गाभा.

शिकागोत ड्युई ऐकण्याच्या बाकांवर वैतागले होते. साताऱ्याच्या शाळेत भीमरावांना ते बाकही मिळाले नव्हते. घरून नेलेले गोणपाट अंथरून कोपऱ्यात बसायचे आणि संध्याकाळी ते परत घरी न्यायचे. पुढे मुंबईच्या शाळेत ते फळ्याकडे निघाले तर वर्गातली पोरे फळ्यामागचे आपले डबे उचलायला धावली. अनुभव वाटून घेण्याबद्दल असा विद्यार्थी ऐकतो तेव्हा त्याला व्याख्या लिहून घ्यावी लागत नाही. १९३६ मध्ये लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि होऊ न दिलेल्या भाषणात, 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये, बाबासाहेबांनी ड्युईंचा आपले शिक्षक म्हणून नावानिशी उल्लेख केला. भूतकाळातले सगळेच पुढच्या पिढीच्या गळ्यात बांधायचे नसते, वाळलेली लाकडे बाजूला काढून चांगले तेवढे पुढे द्यायचे असते, हे शाळेचे काम ड्युईंनी सांगितले होते. बाबासाहेबांनी ती कसोटी थेट धर्मशास्त्रांना लावली. जात म्हणजे श्रमांची विभागणी नव्हे, श्रमिकांची विभागणी, हा त्यांचा निष्कर्ष स्नेडनविरुद्ध लढणाऱ्या शिक्षकाच्या पुढे गेलेल्या विद्यार्थ्याचा आहे. शिक्षकाचे वाक्य परत म्हणून दाखवणारा विद्यार्थी ड्युईंना नकोच होता.

असे विद्यार्थी त्यांना आणखीही लाभले. १९१९ च्या एप्रिलअखेर ड्युई चीनला पोचले आणि काही दिवसांतच तिथे विद्यार्थ्यांचे ४ मे चे आंदोलन उसळले. ते दोन वर्षांहून अधिक काळ तिथे राहिले. कोलंबियात शिकलेले ताओ शिंगझी यांनी नानजिंगजवळ १९२७ मध्ये खेड्यांसाठी शिक्षक घडवणारे विद्यालय काढले, तिथे छात्राध्यापक स्वतः शेतात राबत. १९३० मध्ये सरकारने ते बंद पाडले.

ड्युई शेवटपर्यंत लिहीत राहिले. १ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कमध्ये ब्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. नेमक्या त्याच दिवसांत बाबासाहेब न्यूयॉर्कच्या वाटेवर होते. ५ जूनला कोलंबिया विद्यापीठ त्यांना सन्माननीय डॉक्टरेट देणार होते आणि इतक्या वर्षांनी आपल्या शिक्षकांना भेटायचे त्यांच्या मनात होते. विमान रोमला असतानाच ते गेल्याचे समजल्यावर बाबासाहेबांनी माईसाहेबांना पत्र लिहिले. आपल्या साऱ्या बौद्धिक आयुष्याचे ऋण त्यांनी त्यात या एका शिक्षकाच्या नावावर लिहून टाकले.

माईसाहेब आणखी एक आठवण सांगत. वर्ग सोडून तीस-पस्तीस वर्षे उलटली होती, साहेबांची प्रकृती खालावली होती. पण कधी मन मोकळे असले की बाबासाहेब ड्युईंची वर्गातली लकब हुबेहूब करून दाखवत आणि स्वतःच हसत.